भट्टीची गार भिंत

भट्ट्यांना विटांचं अस्तर लावायचं काम मी सोडलं त्याला सहा वर्षं झाली होती. गुडघे बोलायला लागले आणि माझं ऐकायचे मात्र बंद झाले, म्हणून सोडलं. त्यामुळे भाचीचा फोन आला आणि ती म्हणाली, "मामा, आपल्या भट्टीला बाहेरून ब्लँकेट लावायचंय, कुठलं घेऊ?" तेव्हा मी आधी विचारलं, "का गं, थंडी वाजते का तिला?"

भाची हसली नाही. एरवी माझ्या फालतू विनोदालाही ती उसनं का होईना, हसते.

"आई परवा भट्टीपाशी चक्कर येऊन पडली," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, या वयात या हृदयाला एवढी धग सोसायची नाही. एक तर भिंत गार करा, नाहीतर यांना वरच्या मजल्यावर बसवा."

"मग बसव की वर."

"तूच सांग तिला. मला म्हणाली, मला वर न्यायचं तर चार माणसं बोलाव, खांद्यावरून न्या."

ही माझी थोरली बहीण. तिला मी अक्का म्हणतो. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आणि ती सात वर्षं तिनं मला एक दिवस विसरू दिलेली नाहीत. तिच्या घराचा खालचा अर्धा भाग म्हणजे भट्टीची खोली. बंदरातल्या खुणेच्या दिव्यांना जी जाड भिंगं लागतात, लाल, हिरवी, पांढरी, ती तिथं होतात. काचेचे तुकडे साच्यात भरायचे, साचे भट्टीत ठेवायचे, आच साडेआठशे अंशांपर्यंत चढवायची. काच पाकासारखी होऊन साच्यात बसते. एवढं कुणीही करील. खरं काम पुढं असतं. ती काच तीन-चार दिवस सावकाश निववायची. दार एक दिवस आधी उघडलं की गार हवा लागून भिंग टिचतं आणि सगळी मेहनत मातीत.

दार कधी उघडायचं हे अक्काचा हात ठरवायचा. भट्टीच्या डाव्या भिंतीच्या उघड्या विटांवर ती डावा तळहात ठेवून उभी राहायची, मग निकाल द्यायची. "अजून रागात आहे." दुसऱ्या दिवशी, "कुरकुर चालू आहे." आणि भिंत माणसाच्या अंगाइतकी कोमट लागली की, "निजली. उघडा." भाचीनं मागं एक मीटर बसवलं होतं, आतली आच आकड्यात दाखवणारं. अक्का त्याला घरजावई म्हणायची. भिंतीला टेकून नुसतं बसून असतं, असं म्हणून. तिची नजर गेल्या काही वर्षांत इतकी गेली होती की समोरचं माणूस तिला बोलल्यावर कळायचं. पण चाळीस वर्षांत घाईनं दार उघडून तिनं एक भिंग घालवलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. अक्का खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"आला का विटकर?" पावलावरूनच तिनं ओळखलं. "गुडघे करकरतायत तुझे. तेल घालत जा."

"तू चक्कर येऊन पडलीस म्हणे."

"पडले नाही. बसले. जरा जोरात बसले."

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"ऐकलं. आता तुम्ही माझं ऐका. वर काय आहे? पलंग आहे नि खिडकी आहे. खिडकीतलं मला दिसत नाही आणि पलंगावर पडायला अजून पुष्कळ वेळ आहे. इथं मी कामाची आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "भिंत गार करशील तर कर. जमेल का तुला?"

अक्का मला 'जमेल का' असं विचारते तेव्हा ते मला कानाखाली मारल्यासारखं लागतं. "जन्म गेला माझा अस्तरं लावण्यात," मी म्हणालो. "अशी गार करतो की पाठ टेकून बसशील."

मी आणि भाची मालाच्या दुकानात गेलो. जुन्या काळी आम्ही विटांवर विटा लावायचो. नंतर हे ब्लँकेट आलं. चिनीमातीच्या जातीचा माल वितळवून त्याचे केसासारखे धागे ओढतात आणि सुयांनी टोचून टोचून त्याची जाड चादर करतात. पांढरीशुभ्र, कापसासारखी मऊ, आणि आगीत टाकली तर आगच कंटाळते. अडचण एवढीच की सगळ्या जाती दिसायला सारख्या. मी पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत निरक्षर होतो आणि तोवर वेष्टनावरचे आकडे मला दुसरा कुणीतरी वाचून दाखवायचा. मग याच भाचीनं, तेव्हा ती शाळेत जाणारी दोन वेण्यांची पोर होती, मला अक्षरं शिकवली. आज ती शेजारी उभी राहून माझं बोट वेष्टनावरच्या अक्षरांवरून फिरताना बघत होती.

"घाई करू नकोस मामा. जोडाक्षर आहे."

"गप गं मास्तरीण."

दुकानदारानं सगळ्यात आधी सगळ्यात महागाची गुंडाळी पुढं ओढली. "हे घ्या. चौदाशे तीसचं. याच्या वर काही नाही."

"आमची भट्टी साडेआठशेची आहे," मी म्हणालो.

"मग तर उत्तमच. जास्त आकडा, जास्त गार भिंत."

ही चूक नवी माणसं हमखास करतात, आणि दुकानदार करू देतात. वेष्टनावरचा मोठा आकडा म्हणजे तो माल किती आच सोसेल याचा. भिंत किती गार राहील याच्याशी त्याचा फार संबंध नाही. भिंत गार राहते ती थर किती जाड आणि किती घट्ट विणीचा यावर. आणि तो मोठा आकडासुद्धा कायमचा धरायचा नसतो. बाराशे साठ लिहिलं असेल तर त्याच्याकडून हजार-अकराशेपर्यंतच काम घ्यावं. घोडा मरेपर्यंत पळतो, म्हणून कुणी रोज मरेपर्यंत पळवतं का?

हे मी भाचीला समजावून सांगितलं, दुकानदाराला ऐकू जाईल अशा बेतानं. मग विचारलं, "छातीत गेलं तर विरघळणारं आहे का?"

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. "ते कुणी मागत नाही हो फारसं. साध्यापेक्षा थोडी कमी आच सोसतं."

"आमच्यापुरती सोसतं. दाखवा."

साध्या ब्लँकेटचा बारीक चुरा श्वासाबरोबर आत जातो आणि तिथंच मुक्काम करतो. आम्ही तरुणपणी तोंडाला काही न बांधता ते कापायचो. त्याचा खोकला मला अजून सकाळी उठवतो. ही दुसरी जात शरीराच्या ओलाव्यात हळूहळू विरघळते. ती धूळ खावी असं नव्हे, पण जिथं अक्का रोज आठ तास बसणार, तिथं मी दुसरं काही लावणार नव्हतो.

गुंडाळी उघडून मी एक कोपरा चिमटीत धरून ओढला. फाटला नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी नीट टोचलेला. बोटांत चोळून पाहिला. त्यात धागा न झालेले काचेसारखे दाणे असतात. दाणे जास्त तर धागा कमी. हे कमी दाण्याचं निघालं. मग मी एक वीतभर पट्टी कापून मागितली.

"कशाला?" दुकानदार.

"भाजून बघतो. उद्या सांगतो."

"आजवर कुणी असं केलं नाही."

"आजवर कुणाची बहीण भट्टीशेजारी बसत नसेल," मी म्हणालो.

पट्टी भट्टीत ठेवून एक दिवस पूर्ण आच दिली. बाहेर काढून माझ्या वितेशी लावली. गव्हाच्या दाण्याएवढी आटली होती. ते चालतं. बोटाच्या पेराएवढी आटली असती, तर सांध्यांतून फटी पडून धग बाहेर आली असती. मग एकेक इंचाचे पाच थर घ्यायचे ठरवलं. आतले तीन घट्ट विणीचे, बाहेरचे दोन हलके. आतल्या विटा तशाच ठेवायच्या, कारण काचेला सावकाश निवायला त्याच मदत करतात. विटांवरून ब्लँकेट आणि वरून पत्रा.

चार दिवस मी आणि भाची ते लावत होतो. तोंडाला मास्क, हातात मोजे, पूर्ण बाह्या. अक्का अंगणात बसून कारभार बघत होती, म्हणजे ऐकत होती.

"सांध्यावर सांधा येऊ देऊ नकोस रे."

"मी शिकवलंय हे तुला, अक्का."

"म्हणूनच आठवण करून देते. तू विसरतोस."

भाचीचं काम माझ्याहून साफ होतं हे कबूल करायला हवं. एकेक पट्टा बोटभर जास्त लांब कापून, शेजारच्या पट्ट्याला दाबून बसवायची. पुढं माल आटला तरी फट पडू नये म्हणून. चौथ्या दिवशी पत्र्याची शेवटची पट्टी बसली आणि मी हात फिरवून पाहिलं. कुठं टेंगूळ नाही, कुठं फट नाही. माझ्या आयुष्यातलं इतकं चोख अस्तर मला दुसरं आठवत नव्हतं.

पहिली आच चढवली. भट्टी साडेआठशेला पोचली तेव्हा पूर्वी त्या खोलीत उभं राहवत नसे. आता पत्र्यावर हात ठेवून आरामात दहा मोजता येत होते. अक्का आत आली. दोन्ही हात पुढं करून चालत आली. इतकी वर्षं धग तिला सांगायची, आता भट्टी जवळ आली, आता थांब. या वेळी ती थेट पत्र्यावर आपटली.

"अगं बाई! आहे होय इथं?"

आम्ही तिघंही हसलो. भाचीनं तिची खुर्ची भिंतीशी आणून ठेवली. अक्का बसली, पाठ टेकली आणि म्हणाली, "जमलं हो तुला." एवढंच म्हणाली. पण मला रात्रीचं जेवण गोड लागलं.

भट्टीत त्या वेळी सहा भिंगं होती. चौथ्या दिवशी भाचीला तयार झालेला जुना माल पोचवायला बंदरावर जायचं होतं. ती सकाळी गेली. आईला काही सांगून गेली नाही, कारण चाळीस वर्षांत भट्टीबद्दल आईला काही सांगायची गरज कुणाला पडली नव्हती. मी दुपारी बाराच्या सुमाराला तिकडं चक्कर टाकली. दारातूनच मला आवाज आला. काचेचा असतो तसा मोठा खळ्ळकन आवाज नव्हे. बारीक, टिक, टिक, टिक. कुणी नखं वाजवावीत तसा.

अक्का भट्टीच्या उघड्या दारासमोर उभी होती. आतून अजून चांगलीच आच येत होती. मी धावत जाऊन दार लोटलं. मीटरवर दोनशे चाळीस होतं.

"निजली होती रे," अक्का म्हणाली. "मी हात ठेवून पाहिला. दोनदा पाहिला."

सहाच्या सहा भिंगं टिचली होती.

भाची संध्याकाळी आली. सगळे तुकडे खोक्यात भरले आणि म्हणाली, "परत वितळवू. काच कुठं जात नाही." पण अक्का ऐकत नव्हती. ती आपला तळहात दुसऱ्या हातानं चाचपत बसली होती, जणू त्यात काही मोडलंय का ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर खालची खुर्ची रिकामी. अक्का आपण होऊन वर गेली होती. जिन्याच्या अठरा पायऱ्या एकटी चढून.

मी गुडघ्यांना शिव्या देत वर गेलो. ती पलंगावर खिडकीकडं पाठ करून बसली होती.

"खाली चल. साचे भरायचेत."

"ती भरील."

"आणि दार कधी उघडायचं ते कोण सांगणार?"

"घरजावई सांगेल." तिनं हसायचा प्रयत्न केला, तो साधला नाही. "डोळे गेले तेव्हा म्हटलं, जाऊ देत, हात आहे. आता हातही गेला. चक्कर आली त्याच दिवशी गेला असेल, मला उशिरा कळलं. बरं झालं सहाच भिंगांवर निभावलं."

"हात नाही गेला, अक्का."

"समजूत काढू नकोस. लहान होतास तेव्हा मी तुझी काढायची, ती रीत मला ठाऊक आहे."

मी खाली आलो आणि भट्टीपाशी उभा राहिलो. भाची साचे पुसत होती. मला खरं कारण आदल्या दुपारीच कळायला हवं होतं. मीटरवरचा आकडा बघितला तेव्हाच. पण माणसाला आपल्या चोख कामात खोट दिसायला वेळ लागतो. आत दोनशे चाळीस, बाहेर अंगाइतकं कोमट. याचसाठी तर मी पाच थर लावले होते. भिंत गार करायला मला बोलावलं होतं, ती मी इतकी गार केली की तिचं बोलणंच बंद झालं. त्यात ब्लँकेटमुळं आतल्या विटा आता पूर्वीपेक्षा सावकाश निवत होत्या. म्हणजे अक्काचा हातही फसला आणि तिचा दिवसांचा अंदाजही फसला. भट्टीचा डोळा मी बंद केला होता, आणि ती स्वतःला आंधळी समजत होती.

हे मी भाचीला सांगितलं. ती खाली बसली. "मी रोज मीटर बघते ना मामा. मला सुचलंच नाही की तिला... अरे देवा. मी तिला सांगितलं तर ऐकेल?"

"सांगून नाही ऐकायची. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. पाणी उकळायला ठेव."

पातेलंभर पाणी खळखळून उकळलं. झाकण घालून, उरलेल्या ब्लँकेटचे तीन वेढे पातेल्याला देऊन, वरून जुन्या चादरीत मी ते बांधलं आणि भाचीनं वर नेलं. मी मागोमाग, एकेक पायरी मोजत.

"अक्का, हात दे."

"कशाला?"

"दे तर. भिकारी नाही मी, परत करीन."

तिचा तळहात मी त्या गाठोड्यावर ठेवला. तिनं सवयीनं मान जरा वाकडी केली, भिंतीशी करायची तशी.

"काय लागतं?"

"काही नाही. गार आहे. कपडे आहेत का आत?"

मी गाठ सोडली, ब्लँकेटचे वेढे काढले, झाकण उचललं. वाफ तिच्या तोंडावर आली तशी ती मागं सरली. तिचा हात धरून मी तो पातेल्याच्या वर, जरा उंच धरला.

"उकळतंय हे!"

"उकळून पाव तास झाला. तुझ्या हाताला गार लागलं, कारण ते बाहेरून गारच होतं. तुझा हात खोटं बोलला नाही. माझं पांघरूण बोललं."

अक्कानं ब्लँकेट मागून घेतलं, पुन्हा पातेल्याभोवती चाचपत गुंडाळलं, हात ठेवला. पुन्हा काढलं. पुन्हा गुंडाळलं. असं तिनं तीन वेळा केलं. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण अक्काला ते दिसण्यासारखं नव्हतं.

"म्हणजे," अक्का शेवटी म्हणाली, "चूक तुझी."

"माझी."

"सहा भिंगं तू फोडलीस."

"मी फोडली."

"आणि मला वर चढायला लावलंस. अठरा पायऱ्या." तिच्या आवाजात जीव आला होता. "काय रे विटकर, जन्म गेला ना तुझा अस्तरं लावण्यात?"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तो मी दिवसभर खाल्ला आणि मला तो कधी इतका आवडला नव्हता.

"काढून टाकू का ब्लँकेट?" मी विचारलं.

"म्हणजे परत मला चक्कर. नको. मला एक भोक ठेव."

"कसलं भोक?"

"भिंतीत. माझ्या हाताएवढं. तेवढ्या जागेवर तुझं पांघरूण नको."

आता हे अस्तर लावणाऱ्या माणसाला सांगणं म्हणजे शिंप्याला सांगणं की सदऱ्याला मुद्दाम भोक पाड. चाळीस वर्षं आम्ही फटी बुजवण्यात घालवली. कुठं बोटभर उघडं राहिलं की तिथून आच बाहेर येते, पत्रा लाल होतो, मालक तोंड काळं करायला सांगतो. मी भाचीकडं पाहिलं. तिनंही मान हलवली. "आई, भाजेल तुला. आजूबाजूला सगळं झाकलेलं, म्हणजे सगळी धग तिथूनच बाहेर येणार."

"भाजतं तेव्हा मला कळतं की भाजतंय. त्यालाच तर काम म्हणतात," अक्का म्हणाली.

मग आम्ही दोघांनी बसून कागदावर काढलं. डावीकडच्या भिंतीत, अक्काच्या छातीच्या उंचीला, पत्र्याला आणि पाचही थरांना चौकोन कापायचा. त्या चौकोनात एक भरीव, जड वीट उभी घालायची. एक टोक आतल्या विटांना चिकटलेलं, दुसरं बाहेर पत्र्याच्या पातळीत. हलकी वीट उष्णता अडवते, भरीव वीट ती पुढं पोचवते. आणि वरून बिजागरीचं झाकण, आत ब्लँकेटचा एक तुकडा भरून. आच चढलेली असताना झाकण बंद, निवायला लागली की उघडं. खोली तापायची नाही आणि हाताला बातमी मिळायची.

माझ्याच हातचं चोख अस्तर मी कापायला घेतलं तेव्हा कटर पहिल्या ओढीला थांबला. भाची म्हणाली, "मामा, मी कापू?" मी म्हणालो, "तूच काप." कडा सुट्या होऊन झडू नयेत म्हणून तिनं त्या आतल्या बाजूला मुडपून घेतल्या, विटेच्या चारही अंगांना पट्ट्या दाबून बसवल्या. तो चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षाही नीट झाला.

अक्का खाली येऊन उभी राहिली. झाकण उघडून तिनं विटेवर हात ठेवला. भट्टी तेव्हा थंडच होती. "खरखरीत आहे," ती म्हणाली. "राहू दे तशीच."

पण लगेच सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. पहिल्या खेपेला आम्ही भट्टीत नुसते टिचलेले तुकडे भरले आणि अक्का दर दोन तासांनी हात ठेवून सांगायची, भाची मीटर वाचायची.

"आता निजायला आलीय."

"एकशे नव्वद, आई."

"खोटं."

"एकशे नव्वदच आहे."

अक्का वैतागली. वीट पूर्वीच्या भिंतीसारखी बोलत नव्हती. ती आधी बराच वेळ तापलेली राहायची, मग एकदम उतरायची. दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "हिची बोली वेगळी आहे." तिसऱ्या दिवशी ती गप्प होती आणि मला वाटलं, आता ही पुन्हा वर जाणार. पण तिनं भाचीला हाक मारली. "इकडं ये. तुझा हात इथं ठेव."

भाचीनं इतक्या वर्षांत भिंतीला कधी हात लावला नव्हता. आईचा हात होता, आणि मग मीटर होतं.

"काय लागतं?"

"गरम आहे."

"गरम तर चहाही असतो. कसं गरम?"

भाचीनं डोळे मिटले. "वर कमी आहे. बोटांना कमी, तळव्याला जास्त."

"आता मीटर बघ."

"एकशे तीस."

"लक्षात ठेव. तळव्याला जास्त म्हणजे एकशे तीस." अक्कानं तिचा हात बाजूला करून आपला ठेवला, आणि पुटपुटली, "बरोबर आहे. बोटांना कमी. मी सगळा हात एकदम वाचत होते."

त्या खेपेला दोघी तशाच, पाळीपाळीनं, हात ठेवून आकडे लावत बसल्या. आकडे भाचीचे, शब्द अक्काचे. दुसऱ्या खेपेला अक्काचा अंदाज मीटरच्या दहा-पंधरा अंशांवर आला. तिसऱ्या खेपेला भट्टीत खरी भिंगं होती, चार हिरवी आणि दोन लाल.

पाचव्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा भाची दारापाशी तयार उभी होती. "मीटर पासष्ट दाखवतंय, मामा. चालेल ना?"

मी अक्काकडं बोट दाखवलं. अस्तर माझं, पण भट्टी माझी नव्हे.

अक्कानं झाकण उघडलं, हात ठेवला. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती हलली नाही.

"नको," ती म्हणाली. "खालच्या थरात अजून आहे. मीटरची नळी वर बसवलीय ना? मला ती वरची बातमी वाटते. संध्याकाळी उघडू."

भाचीनं माझ्याकडं पाहिलं, मग मीटरकडं, मग आईकडं. आणि दार धरायला घेतलेलं फडकं खुंटीला अडकवलं. "बरं. संध्याकाळी."

आम्ही दुपारभर साचे घासले. अक्का भिंतीला पाठ टेकून बसली होती आणि दोघांच्याही चुका काढत होती, ज्या तिला दिसत नव्हत्या आणि तरी होत्या. चारच्या पुढं तिनं पुन्हा हात ठेवला आणि भाचीला नुसती मान हलवून खूण केली.

दार उघडलं. आवाज नाही. भाचीनं एकेक साचा बाहेर घेतला, उपडा केला, भिंग धुतलं आणि आईच्या हातात दिलं. अक्कानं प्रत्येकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. पाच भिंगं ओळीनं तिनं बाजूला ठेवली. सहाव्याशी थांबली.

"यात बुडबुडा आहे."

भाचीनं ते उजेडात धरलं. मोहरीएवढा होता, कडेला.

"साचा भरताना तुकडे ओले होते तुझे," अक्का म्हणाली. "हे द्यायचं नाही. परत वितळव."

"हो, आई."

"आणि उद्या तुकडे मी निवडते. खाली आणून ठेव सगळे, माझ्या उजव्या हाताला." मग मान माझ्याकडं वळवून म्हणाली, "तू काय उभा आहेस नुसता? वर माझं पांघरूण नि उशी राहिलीय. घेऊन ये. गुडघे दुखत असतील तर सावकाश चढ, मला घाई नाही."